खोट्या लढाईतील खरे कापड

कापडाच्या पेढीवर ज्यांची उभी हयात गेली, ते कापडाची परीक्षा केवळ डोळ्यांनी करीत नाहीत. ठाणाचा कोपरा अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून किंचित चोळला, की पोत, पीळ आणि भेसळ यांचा निवाडा त्यांच्या मनात होऊन जातो. अमेरिकेत असा एक वर्ग आहे, जो कापडाचा व्यापार करीत नाही, पण असाच निवाडा करतो. आणि तोही दीडशे वर्षांपूर्वीच्या कापडाचा. कोणी शाळेत शिकवतो, कोणी विम्याच्या पॉलिसी विकतो, कोणी नळदुरुस्ती करतो. मात्र उन्हाळ्यातील ठराविक शनिवार-रविवारी ही मंडळी जाड लोकरी कोट अंगावर चढवतात, खांद्यावर ठासणीची बंदूक घेतात आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाची एखादी लढाई पुन्हा ‘लढतात’. इंग्रजीत या छंदाला रीएनॅक्टमेंट म्हणतात. आपण त्याला युद्धाचा पुनःप्रयोग आणि तो करणाऱ्यांना हौशी सैनिक म्हणू.

हा छंद पोरखेळ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. प्रौढ, मिळवती, कुटुंबवत्सल माणसे गवतात लोळून मेल्याचे सोंग करतात, हे ऐकून कोणालाही हसू यावे. परंतु हा छंद गांभीर्याने करणाऱ्यांचा आग्रह पाहिला की हसू थोडे मागे सरते. कोटाचा लोकरी धागा त्या काळच्या वाणाचा हवा. काजे हाताने शिवलेली हवीत. बटणे पितळेची, त्यांवर गरुडाची मुद्रा. मनगटी घड्याळ चालत नाही, साखळीची चेन चालत नाही, चष्मा असलाच तर त्या घडणीचा. यात जो ढिलाई करतो, त्याला ‘फार्ब’ अशी शेलकी शिवी मिळते. उलट जो दुसऱ्याच्या सदऱ्याचे टाके मोजत बसतो, त्याला टाकेमोज्या म्हणून हिणवले जाते. दोन्ही शिव्या एकाच तळावर, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. टोनी हॉर्विट्झ या पत्रकाराने १९९८ साली ‘कॉन्फेडरेट्स इन द ॲटिक’ या पुस्तकात अशा कट्टर मंडळींचे चित्रण केले. त्यांतील एक गृहस्थ बटणांना जुनेपणाची कळा यावी म्हणून ती मूत्रात भिजवून ठेवीत. जेवणाच्या पिशवीत ‘हार्डटॅक’ नावाचे चौकोनी टणक बिस्कीट असते. त्यात मुख्यतः पीठ आणि पाणी. ते इतके कडक की त्या काळचे शिपाई ते बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवीत.

एक गोष्ट मात्र कोणालाही शिवून घेता येत नाही. त्या युद्धातील उत्तरेचा सरासरी शिपाई पंचविशीचा आणि सुमारे पासष्ट किलो वजनाचा होता. आजचा हौशी सैनिक पन्नाशीकडे झुकलेला आणि बहुधा सुखवस्तू असतो. कापड अस्सल होते, पोट होत नाही.

या खेळाचा पहिला खेळ मात्र खेळ नव्हता. पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० माणसांची हानी झाली. त्यास पन्नास वर्षे झाली, तेव्हा १९१३ साली दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक जुने सैनिक तेथे जमले. बहुतेक सत्तरीच्या घरात होते. दक्षिणेकडील ज्या तुकडीने ३ जुलैला उघड्या मैदानातून चाल करून जीव गमावले होते, तिच्यातील उरलेले म्हातारे पुन्हा त्याच वाटेने दगडी बांधापर्यंत चालत गेले, आणि पलीकडे उभ्या असलेल्या एके काळच्या शत्रूंनी त्यांचे हात हातात घेतले. त्यांना ना कापडाची अस्सलता तपासावी लागली, ना बंदुकीची.

पुढे १९६१ साली, युद्धाच्या शताब्दीनिमित्त, व्हर्जिनियातील मनॅसस येथे पहिल्या लढाईचा भव्य पुनःप्रयोग झाला. हजारो प्रेक्षक, खाण्याच्या गाड्या, जत्रेचे स्वरूप. ज्या भूमीवर माणसे मेली तिच्यावर अशी जत्रा भरावी याबद्दल टीका झाली, आणि राष्ट्रीय उद्यान विभागाने पुढे आपल्या ताब्यातील रणभूमींवर लढाईचे सोंग करण्यास मनाई केली. ती मनाई आजही आहे. कवायत दाखवता येते, बंदूक कशी ठासतात ते दाखवता येते, पण दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून एकमेकांवर बार काढता येत नाहीत. म्हणून मोठे प्रयोग शेजारच्या खाजगी शेतांवर होतात. १९९८ साली गेटिसबर्गच्या एकशे पस्तिसाव्या वर्षी अशाच शेतांवर पंधरा हजारांहून अधिक हौशी सैनिक उतरले होते. कित्येक खऱ्या लढायांत दोन्ही बाजूंचे मिळूनही इतके सैनिक नव्हते.

आता पुन्हा कापडाकडे वळू, कारण व्यापारी वाचकास त्यातच खरी गंमत आहे. १८६१ साली युद्ध अचानक पेटले. हजारो शिपायांना महिन्या-दोन महिन्यांत गणवेश हवे होते आणि सरकारजवळ कापड नव्हते. ठेकेदार पुढे आले. काहींनी ‘शॉडी’ नावाचे कापड पुरवले. जुन्या लोकरी चिंध्या यंत्रात पिंजून, त्यांचे आखूड तंतू पुन्हा कातून हे कापड विणतात. याची युक्ती १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायरात निघाली. योग्य मिश्रण केले तर शॉडी हा अगदी प्रामाणिक माल आहे. आपल्याकडे हरियाणातील पानिपत हे या धंद्याचे जगातील मोठे केंद्र असून स्वस्त घोंगड्यांचे कित्येक गठ्ठे तेथूनच निघतात. परंतु अमेरिकेतील त्या ठेकेदारांनी चिंध्या, धूळ आणि खळ यांचा लगदा दाबून कापडाच्या नावाने दिला. न्यूयॉर्कच्या पलटणी पावसात भिजल्या आणि कोट अंगावरच विरघळू लागले. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. ‘शॉडी’ हे तोवर एका कापडाचे नाव होते. त्यानंतर इंग्रजीत त्याचा अर्थ हलका, फसवा माल असा रूढ झाला. एका पिढीच्या लबाडीने एका कापडाचे नाव कायमचे काळे केले. पेढीवर बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या लुबाडणुकीवर उपाय म्हणून २ मार्च १८६३ रोजी खोट्या देयकांविरुद्धचा कायदा झाला. लिंकन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातील योजना हिशेबनिसाला दाद द्यावीशी वाटेल अशी होती: ठेकेदाराने सरकारला फसवले हे जो खाजगी माणूस उजेडात आणील, त्याला वसूल रकमेतील निम्मा हिस्सा. फसवणाऱ्यास नुकसानीच्या दुप्पट भरपाई, वर दंड. हा कायदा सुधारून अजून अमलात आहे.

इथे हौशी सैनिकांची मोठी पंचाईत होते. १८६१ च्या उन्हाळ्यातील न्यूयॉर्कच्या शिपायाचा हुबेहूब अस्सल गणवेश करावयाचा, तर तो पावसात विरघळणारा करावा लागेल. तसा कोणी करीत नाही. दोनशे-अडीचशे डॉलर देऊन जो कोट घेतला जातो, तो नियमाप्रमाणे जसा असावयास हवा होता तसा असतो. प्रत्यक्षात अनेकांच्या अंगावर जसा होता तसा नव्हे. इतिहासाच्या नावाने दुकानात मिळते ती बहुधा निविदेची नमुनाप्रत. पुरवलेला माल निराळाच असतो, हे ज्यांनी निविदा भरल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

त्या युद्धात मेलेल्यांची संख्या जुन्या गणनेप्रमाणे सुमारे सहा लाख वीस हजार; २०११ साली जनगणनेच्या आकड्यांवरून केलेल्या नव्या अभ्यासाने ती साडेसात लाखांच्या आसपास नेली. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश गोळीने मेले नाहीत. हगवण, विषमज्वर, गोवर यांनी मेले. त्याचा पुनःप्रयोग कोणत्या शेतावर करावयाचा? मैदानावर कोणी पडावे हादेखील नाजूक प्रश्न असतो. शेकडो मैल गाडी हाकून आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत मरावयास तयार नसतो. काडतुसे संपली की मग त्याला गोळी ‘लागते’, आणि पडताना तो बहुधा सावली पाहून पडतो. शेवटी बिगुलावर शोकधून वाजते, आणि मेलेले सारे उठून कपडे झटकतात.

शस्त्राविषयी मात्र थट्टा नसते. खांद्यावरची बंदूक सुमारे चार किलोची. एक तर १८६१ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड, नाही तर १८५३ च्या नमुन्याची इंग्लिश एनफिल्ड. दुसरी आपल्या ओळखीची आहे. जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली बराकपूर व मेरठ येथे ठिणगी पडली, तीच ही बंदूक. चार वर्षांनी ती लाखांच्या संख्येने अमेरिकेत गेली. कागदी काडतूस दातांनी फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, गोळी बसवून गजाने ठासावयाची, घोड्याखाली तांब्याची टोपी ठेवावयाची. कवायतीच्या पुस्तकात याच्या नऊ पायऱ्या सांगितल्या आहेत. सराव असलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. समोरचे दात नसलेल्यास त्या काळी पायदळात घेत नसत.

हौशी सैनिक दात वापरतो, दारू वापरतो, पण गोळी वापरीत नाही. नियम इतके बारीक आहेत की एखाद्या रोखपालाला ते आपलेच वाटावेत. प्रयोगापूर्वी रांगेत उभे करून प्रत्येकाच्या नळीत गज सोडतात. नळी रिकामी व स्वच्छ असेल तर गज तळाला आपटून खणकन वाजतो. आवाज बद्द आला की ती बंदूक बाजूला काढली जाते. नुसती टोपी फोडून नळीच्या तोंडापाशी गवताचे पाते हलते की नाही ते पाहतात. हलले तर मार्ग मोकळा. मैदानावर दारू ठासण्यासाठी गज बाहेर काढावयाचाच नाही, कारण घाईत तो नळीत राहिला तर तोच बाण होतो. समोरचा जवळ आला की नळी वर उचलावयाची. संगीन फक्त कवायतीत किंवा बंदुकांची पेंढी उभी करताना. तोफेवर तर बारनंतर ओला बोळा फिरवून, बत्तीच्या छिद्रावर चामडी अंगुस्तान घातलेला अंगठा दाबून, काही मिनिटे थांबल्याखेरीज पुढची दारू आत जात नाही. बहुतेक पथके सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती बंदूक देत नाहीत. त्याच्या वाट्याला ढोल किंवा निशाण.

इतके असूनही २००८ साली व्हर्जिनियात, लढाईच्या एका चित्रीकरणात, एका वयस्क हौशी सैनिकाच्या खांद्यात खरी गोळी घुसली. कोणाच्या तरी नळीत ती होती. गज खणकन वाजवून पाहण्याचा नियम का आहे, हे अशा एका दिवशी कळते.

कायद्याच्या दृष्टीने ही बंदूक बंदूकच नाही, ही आणखी एक मौज. अमेरिकेतील १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या जुन्या घडणीच्या बंदुका सर्वसाधारण शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. ब्रिटनमध्ये तसे नाही. तेथे अशाच छंदासाठी पोलिसांकडून बंदुकीचा दाखला आणि दारूसाठी स्फोटकांचा निराळा परवाना लागतो. २००८ साली तेथे पन्नास सेंटिमीटरहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर बंदी आली, तेव्हा ऐतिहासिक पुनःप्रयोगाला अपवाद ठेवावा लागला.

हा सारा माल येतो कोठून? बंदुकांच्या नव्या प्रतिकृती मुख्यतः उत्तर इटलीतील ब्रेशियाजवळच्या खोऱ्यातून, जेथे कित्येक शतके नळ्या घडवल्या जातात. आणि भारतातूनही. मेरठ व डेहराडून येथील कारखान्यांतून तलवारी, शिरस्त्राणे, चिलखते जगभरच्या हौशी सैनिकांना व चित्रपटांना जातात. आणखी जुन्या काळासाठी लागणाऱ्या चकमकीच्या बंदुकाही येथून जातात. त्या बहुधा बत्तीचे छिद्र न पाडता विकल्या जातात, म्हणजे त्या कागदोपत्री शोभेच्या वस्तू ठरतात. छिद्र पाडावयाचे ते घेणाऱ्याने, स्वतःच्या जबाबदारीवर. किंमत कमी, म्हणून मागणी मोठी; आणि नळी विश्वासाची आहे की नाही यावर हौशी मंडळींत वाद अखंड. इटालियन नळीवर सरकारी परीक्षागृहाचा शिक्का असतो. बर्मिंगहॅम येथे १८१३ पासून असे परीक्षागृह आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी फुटत नाही हे पाहिल्यावरच तेथे मुद्रा उमटते. सोन्याच्या हॉलमार्कचाच हा प्रकार. हॉलमार्क नसलेले सोने खोटेच असते असे नाही, पण गिऱ्हाइकाला ते कशावरून कळावे? चार पैसे स्वस्त देऊन बाजार मिळतो, टिकतो तो शिक्क्याने. आपल्या कारखानदारांनी तो शिक्का मिळवला तर कोणास नको आहे?

तळाच्या एका कडेला विक्रेत्यांचे तंबू असतात. त्यांना ‘सटलर’ म्हणतात. खऱ्या युद्धात सैन्यामागून फिरून शिपायांना तंबाखू, लोणची, कागद, सुया विकणारा जो व्यापारी, त्याचेच हे नाव. तो महाग विकतो म्हणून शिव्या खाई, आणि त्याच्यावाचून कोणाचे चालतही नसे. मराठ्यांच्या फौजांमागेही असाच अख्खा बाजार चाले; वाणी, सराफ, लमाणांचे धान्याचे तांडे. इतिहासाने त्यांना ‘बाजारबुणगे’ म्हणून एका शब्दात निकालात काढले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांचेही हाल झाले, त्यांची गणती मात्र कोणी केली नाही. अमेरिकन तळावरचा सटलर निदान खरा माल विकतो आणि खरे बिल देतो. लढाईच्या त्या देखाव्यात नाटक न करणारा एकटा तोच.

गोळी नसलेल्या बंदुकीकडे जैन घरात वाढलेल्याची दृष्टी निराळी पडेल. यशोधर राजाची कथा येथे नव्याने सांगावयास नको. आईच्या आग्रहाखातर राजाने खऱ्या जीवाऐवजी पिठाचा कोंबडा देवीपुढे बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी संकल्प घडला, आणि मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावे लागले. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक’ रचले ते याच कथेवर. मग रिकाम्या बंदुकीचा चाप ओढणाऱ्याचा संकल्प कोणता? हौशी सैनिक सांगेल की समोरच्यास मारण्याचा भाव मनात क्षणभरही नसतो. त्याच्या म्हणण्यास पुरावा आहे. एका बाजूला माणसे कमी पडली की दुसऱ्या बाजूची मंडळी निळा कोट उतरवून करडा चढवतात. अनेकांच्या कपाटात दोन्ही असतात. समोरासमोर उभे असलेले दोघे सकाळी एकाच गाडीतून आलेले असतात. राजाने पिठाच्या कोंबड्यात बळीच कल्पिला होता; येथे कल्पिलेला असतो एक मेलेला शिपाई, ज्याला निदान दोन दिवस कोणीतरी आठवावे. हा युक्तिवाद पुरता पटतो असे नाही. धुराच्या फळीपलीकडून जी आरोळी उठते तिच्यात स्मरणापेक्षा आवेश अधिक असतो, आणि प्रेक्षकांतील लहान मुले टाळ्या पिटतात त्या आवेशाला.

अस्सलपणाच्या आग्रहाची खरी कसोटी लागली ती १९८९ साली, मेरीलँड राज्यातील अँटिटम येथे. लॉरेन कुक नावाची तरुणी पुरुष शिपायाच्या वेशात, बासरीवादक म्हणून एका प्रात्यक्षिकात भाग घेत होती. वेश चोख होता. कोणाला शंका आली नाही. ती स्त्रियांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना दिसली, तेव्हा उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तिला तळ सोडण्यास सांगितले. कारण दिले ते अस्सलपणाचे: त्या युद्धात शिपाई पुरुष होते. ती न्यायालयात गेली. १९९३ साली निकाल तिच्या बाजूने लागला. पण निकालापेक्षा तिने त्या काळात केलेले काम मोठे. त्या युद्धात पुरुषाचे नाव घेऊन, केस कापून, बंदूक घेऊन लढलेल्या स्त्रिया तिने कागदपत्रांतून शोधून काढल्या. एका सहलेखिकेबरोबर तिने पुढे जे पुस्तक केले, त्यात अशा सुमारे अडीचशे स्त्रियांचा मागोवा आहे. त्यांपैकी काही अँटिटमच्याच रणात होत्या. म्हणजे ज्या मैदानावरून तिला अस्सल नाही म्हणून बाहेर काढले, त्याच मैदानावर तिच्यासारख्या स्त्रिया खऱ्या गोळ्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या.

त्या शोधातून सारा रोझेटा वेकमन ही मुलगी जगाला कळली. न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्याची थोरली मुलगी. बाप कर्जात. १८६२ साली, एकोणीस वर्षांची असताना, तिने पुरुषाचा पोशाख करून प्रथम कालव्यावरील नावेत काम धरले, आणि मग लायन्स वेकमन या नावाने १५३ व्या न्यूयॉर्क पलटणीत भरती झाली. भरतीचे १५२ डॉलर मिळाले. तिची पत्रे घरी येत राहिली आणि पत्रांबरोबर पैसे. पैसे कुटुंबासाठी वापरा, माझी काळजी करू नका, अशा आशयाचे ती पुन्हा पुन्हा लिही. १८६४ च्या वसंतात लुइझियानात ती प्रत्यक्ष लढाईत उतरली. गोळी लागली नाही. हगवणीने गाठले आणि जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी रुग्णालयात ती वारली. चाल्मेट येथील दफनभूमीत तिच्या दगडावर लायन्स वेकमन हेच नाव आहे. पत्रे घराच्या माळ्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ पडून होती. १९९४ साली ती पुस्तकरूपाने निघाली. घरचे कर्ज फेडण्यासाठी अनोळखी वेश अंगावर चढवणारी ही मुलगी, टाके मोजणाऱ्या कोणत्याही परीक्षकाच्या नजरेतून सहज सुटली असती.

वेतनाचा हिशेबही अस्सलपणातच मोडतो. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत कृष्णवर्णीय शिपाई होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १० देऊ केले आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापले, म्हणजे हाती ७. त्यांनी सात घेतले नाहीत. कमी पगार घेण्यापेक्षा काहीच नको म्हणून सुमारे दीड वर्ष बिनपगारी लढले. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरच्या तटावर मेले तेही बिनपगारी. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला. आज या पलटणीच्या नावाने हौशी पथके आहेत. १९८९ च्या ‘ग्लोरी’ या चित्रपटाने त्यांना बळ दिले. त्यांच्या कोटाचे बटण तपासण्यापेक्षा त्यांच्या कोऱ्या पगारपत्रकाची गोष्ट प्रेक्षकांना सांगणे अधिक मोलाचे.

करड्या कोटाचा प्रश्न याहून अवघड. दक्षिणेचा करडा गणवेश टाक्याटाक्याने अस्सल करता येतो, पण ते राज्य कशासाठी उभे राहिले हे त्या टाक्यांत दिसत नाही. १८६० साली त्या देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती, आणि दक्षिणेची श्रीमंती त्यांच्या हातांनी वेचलेल्या कापसावर उभी होती. हा कापूस आपल्यालाही परका नाही. युद्धात दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून थांबल्या आणि खानदेश-वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देऊ लागल्या; समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे भाग कागदावर चढत गेले. ९ एप्रिल १८६५ रोजी तिकडे सेनापती ली शरण गेला, इकडे भाव कोसळले. १ जुलैला मुदतीचे सौदे पुरे करावयाची वेळ आली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शेअर तारण घेऊन कर्ज देणारी जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. मातोश्रींच्या नावाने प्रेमचंदशेठनी उभारून दिलेला राजाबाई टॉवर मात्र १८७८ साली पुरा झाला. त्या चढत्या भावात ज्यांनी रुपये मोजले, त्यांतील कितीजणांना माहीत होते की हा भाव दूरच्या एका यादवीने दिलेला आहे? तारण ठेवलेल्या कागदांवर गेटिसबर्ग हे नाव कोठेही नव्हते.

अलीकडे दक्षिणेच्या निशाणावरून तेथे प्रखर वाद झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला हिंसाचार झाल्यावर मनॅसस शहराने आपला ठरलेला यादवी-युद्ध सप्ताहान्त रद्द केला. त्याच ऑक्टोबरात व्हर्जिनियातील सीडर क्रीकच्या पुनःप्रयोगाच्या जागी जिवंत पाइप बॉम्ब सापडला. ज्या शेतावर हजारो बंदुकांत एकही गोळी नसावी म्हणून इतकी तपासणी होते, तेथे हे खरे शस्त्र कोणाच्या तपासणीत आले नव्हते. छंदाकडे तरुणांचा ओढा आता पूर्वीइतका नाही. काही जुन्या मंडळींनी करडे कोट विकून टाकले. काही अजून दोन्ही रंग जपून आहेत.

रविवारी दुपारी तंबू उतरतात. गाडीत कोट घडी करून ठेवला जातो, बंदूक पिशवीत जाते. पण घरी पोचताच झोपून चालत नाही. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते. एक रात्र तशीच राहिली तर सकाळी नळीत गंज धरलेला दिसतो. म्हणून मोरीशी उभे राहून नळीत कढत साबणपाणी ओतावयाचे, चिंधी गजाला गुंडाळून आतून फिरवावयाची, पाणी काळे येते तोवर पुन्हा ओतावयाचे. पाणी नितळ आले की नळी सुकवून तेलाचा हात. गंधकाचा वास बोटांना सोमवारपर्यंत राहतो, आणि कार्यालयातील शेजारी विचारतो की हा वास कसला.